धातूही थकतो : थ्रीडी प्रिंट केलेला भाग किती टिकेल?



बाइंडिंगची तार हाताने ओढून तुटत नाही. पण तीच तार एका जागी मागे-पुढे वाकवत राहिलं की थोड्याच वेळात तुटते. याला धातूचा थकवा, म्हणजेच फटीग म्हणतात. भार थोडा असला तरी तो पुन्हा पुन्हा येतो. आधी बारीक तडा पडतो, तो वाढत जातो आणि एक दिवस भाग अचानक तुटतो.

आपल्या हिंगोली स्थानकातून जाणाऱ्या रेल्वेचंच घ्या. डब्याच्या चाकाचा व्यास साधारण ९१५ मिमी, म्हणून एका किलोमीटरला चाक सुमारे ३५० वेळा फिरतं. प्रत्येक फेरीत अ‍ॅक्सलची तीच जागा एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. अशा अ‍ॅक्सलवरच जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी १८५० ते १८७० च्या काळात थकव्याच्या चाचण्या केल्या.

आता धातूचे भागही थ्रीडी प्रिंटरवर बनतात. इस्रोने ९ मे २०२४ रोजी पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं असं इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ सुट्या भागांचा एकच भाग झाला आणि १९ वेल्डिंग जोड वाचले. टायटॅनियमचे कृत्रिम सांधेही असे बनतात. चालत्याफिरत्या माणसाच्या एका सांध्यावर वर्षाला साधारण १० लाख वेळा भार येतो. म्हणून प्रश्न महत्त्वाचा आहे.

अडचण कुठे आहे?

धातूच्या पुडीचे साधारण ०.०३ ते ०.०५ मिमी जाडीचे थर लेसरने वितळवले जातात. त्यात तीन गोष्टी राहू शकतात :

१. आत बारीक पोकळी किंवा न वितळलेली पूड.
२. खडबडीत पृष्ठभाग.
३. थरांच्या दिशेनुसार बदलणारी ताकद.

एकदाच ओढून पाहिलं तर असा भाग मजबूत वाटतो. थकवा मात्र नेमकी कच्ची जागा शोधतो.

तपासतात कसं?

त्याच यंत्रावर, त्याच दिशेने बरेच नमुने छापतात. वेगवेगळ्या भाराखाली ते किती आवर्तनं टिकतात ते मोजून आलेख काढतात. सेकंदाला ५० आवर्तनं धरली तरी १ कोटी आवर्तनांना २ लाख सेकंद, म्हणजे सव्वादोन दिवसांहून जास्त वेळ लागतो! सीटी स्कॅनने आतली पोकळी बघतात. उष्णता आणि चहूबाजूंनी वायूचा प्रचंड दाब देऊन आतली छिद्रं मिटवता येतात. पृष्ठभागावर उघडणारी छिद्रं तशी मिटत नाहीत, म्हणून वरचा थर घासून काढावा लागतो.

वर्गात करून बघा

सारख्या दहा तारा घ्या. पाच तारांवर कानशीने बारीक खाच पाडा. मोठ्यांच्या देखरेखीखाली, डोळ्यांना गॉगल लावून, प्रत्येक तार तुटेपर्यंत वाकवा आणि आकडे तक्त्यात लिहा. खाचेच्या तारा सहसा लवकर तुटतील. सारख्या तारांचे आकडेही वेगवेगळे येतील. एकाच नमुन्यावर विश्वास का ठेवत नाहीत, हे मुलांनाच विचारा.