अमृताचे डबे

प्रवरेच्या कांठीं वसलेल्या आमच्या नेवाशाशीं अमृताची कथा जोडलेली आहे. विष्णूनें मोहिनीरूप घेऊन देवांस अमृत वांटलें तें येथेंच, अशी श्रद्धा असून श्रीमोहिनीराजाचें मंदिर त्या श्रद्धेची खूण म्हणून उभें आहे. याच गांवीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या तेराव्या अध्यायांत ज्ञानी पुरुष जरा येण्यापूर्वींच तिचें स्वरूप ओळखतो, असें विस्तारानें वर्णिलें आहे. अमृताची आशा व जरेचें सत्य हीं दोन्हीं येथें शेजारीं नांदतात.

हल्लीं ती आशा डब्यांत भरून घरोघर येत आहे. परगांवचा मुलगा आईवडिलांकरितां कोलाजेन पेप्टाइडची भुकटी पाठवितो. त्याच्या प्रेमाविषयीं शंका नाहीं. परंतु भुकटीचा गुण तपासणें अवश्य आहे.

हा मोह नवा नव्हे. १८८९ सालीं ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या शास्त्रज्ञानें प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोंचून तारुण्य परतल्याचें जाहीर केलें. तें टिकलें नाहीं. १९३८ सालीं पंडित मदनमोहन मालवीयांनीं कायाकल्प केला, व १९४६ सालीं तेही काळास वश झाले.

प्रथिन ही अमिनो आम्लांची लांब माळ असते. तिचा लहान तुकडा म्हणजे पेप्टाइड. इन्सुलिन हें ५१ अमिनो आम्लांचें पेप्टाइडच होय, व त्यानें असंख्य मधुमेही वांचविले. मात्र तें बहुधा टोंचूनच घ्यावें लागतें. गिळल्यास अन्नाप्रमाणें पचून जातें. कोलाजेनाची भुकटीही बव्हंशीं याच वाटेनें जाते. तिचे कांहीं बारीक तुकडे रक्तांत पोंचतात, आणि त्वचा व गुडघेदुखी यांविषयींच्या कांहीं प्रयोगांत थोडा गुण दिसला आहे, हें खरें. परंतु त्यांतील अनेक प्रयोगांस विक्रेत्यांचाच पैसा लागलेला आहे. स्नायु घडविण्यास तर हें प्रथिन उणेंच; ट्रिप्टोफॅन हें आवश्यक आम्ल त्यांत मुळींच नसतें. शिवाय कोलाजेन जनावरांच्या कातड्यापासून, हाडांपासून किंवा माशांपासून काढतात. शाकाहारी घरांनीं डब्यावरील खूण पाहून घ्यावी.

टोंचून घ्यावयाच्या 'बीपीसी-१५७' सारख्या द्रव्यांपासून तर दूरच राहावें. त्यांचे मनुष्यांवर पुरेसे प्रयोग झालेले नाहींत, आणि २०२२ पासून खेळाडूंस तें द्रव्य निषिद्ध आहे.

खरी हानि निराळीच आहे. दांत गेले म्हणून आजींच्या पानांत मऊ भात व वरणाचें पाणी येतें, सायंकाळीं चहा-बिस्किट. दंड बारीक होतात, उठतांना हात टेकावा लागतो, आणि एके दिवशीं न्हाणीघरांत पाय घसरून मांडीचें हाड मोडतें. कपाटांत डबा मात्र भरलेला असतो!

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या मानाप्रमाणें शरीराच्या दर किलो वजनामागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन हवें. म्हणजे ६० किलोच्या मनुष्यास सुमारें ५० ग्रॅम. घट्ट वरण, मुगाचें धिरडें, दहीं, दूध व शेंगदाण्यांचें कूट हीं प्रत्येक जेवणांत विभागून वाढावींत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. अन्नास श्रमाचीही जोड हवी. १९९० सालीं अमेरिकेंत नव्वदीच्या दहा दुर्बळ वृद्धांकडून वजनें उचलण्याचा व्यायाम करविला. ज्या नऊ जणांनीं तो आठ आठवडे पुरा केला, त्यांच्या मांड्यांचें बळ सरासरीनें पावणेतीनपट झालें. आपल्या घरीं खुर्चीवरून हात न टेकतां दहा वेळां उठण्यापासून आरंभ करावा. शेजारीं नातवानें उभें राहावें.

जरा टळत नाहीं. पण तिच्या स्वागताची तयारी आधींपासून करतां येते. मुलांनीं डब्याचे पैसे अवश्य पाठवावेत. सुनांनीं व मुलींनींच नव्हे, तर घरांतील सर्वांनीं त्यांतून वृद्धांच्या ताटाकडे पाहावें.