रात्रीचा रस्ता आणि जुळवून घेणारा प्रकाश

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) हा साखर कारखान्यांचा जिल्हा होय. प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि सहकाराचे हे लोण जिल्ह्यात सर्वदूर पोचले. गळीत हंगामात उसाने भरलेल्या बैलगाड्या व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर असतात. शिर्डी व शनिशिंगणापूरला जाणाऱ्या भाविकांच्या मोटारीही याच भागातून धावतात. अशा वेळी चालकाला पुढचे किती लांबवर दिसते, यावर अनेकांचे प्राण अवलंबून असतात.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. दिव्यांचा झोत खाली केला असता पुरेसा उजेड साधारणपणे ५० ते ६० मीटरपर्यंतच पडतो. हे अंतर तीन-साडेतीन सेकंदांत संपते. झोत वर ठेवला तर दूरचे दिसते खरे. परंतु समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपतात आणि काही क्षण त्याला रस्ता दिसेनासा होतो.

ही अडचण दूर करण्यासाठी परिस्थितीशी जुळवून घेणारे दिवे तयार करण्यात आले. फ्रान्समधील सिट्रोएन कंपनीने १९६७ मध्ये आपल्या डीएस मोटारीत स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे बसविले. त्यामुळे वळणावर प्रकाश रस्त्याबाहेर न जाता रस्त्यावरच पडू लागला. करंजी किंवा चंदनापुरी घाटासारख्या ठिकाणी याचा उपयोग सहज ध्यानी येईल.

पुढील टप्पा कॅमेऱ्याचा. काचेमागील कॅमेरा समोरच्या वाहनाचे दिवे ओळखतो. दिव्यात अनेक छोटे एलईडी असतात. त्यांपैकी त्या वाहनाच्या दिशेचे तेवढेच मंद होतात किंवा विझतात. उजवीकडून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपत नाहीत आणि डावीकडची कडा मात्र उजळलेली राहते. बैलगाडी चालते ती याच कडेने. नेहमीच्या दिव्यांत झोत खाली करताच या कडेचा दूरचा भागही अंधारात जातो. अमेरिकेत अशा दिव्यांना फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्यता देण्यात आली.

तथापि हे दिवे महाग असून मोजक्याच मोटारींत आढळतात. शिवाय कॅमेरा मुख्यतः दिवे ओळखतो. दिवा नसलेली गाडी चालकालाच पाहावी लागते. म्हणून बैलगाडी व ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असणे अगत्याचे आहे. पडलेला प्रकाश तो आल्या दिशेने परत पाठवितो व गाडी दुरूनच ओळखू येते. मात्र त्यावर चिखल बसल्यास किंवा तो उसाच्या वाढ्यांआड गेल्यास त्याचा उपयोग राहत नाही. मोटारीच्या दिव्यांच्या काचाही स्वच्छ हव्यात. मागे जादा भार असल्यास मोटारीचा पुढचा भाग उचलला जाऊन खालचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हंगामापूर्वी ग्रामपंचायतींनी गावातील गाड्यांचे परावर्तक पाहून घ्यावेत आणि शिक्षकांनी हा विषय मुलांना समजावून द्यावा. महागडे दिवे सर्वांना परवडणारे नाहीत. परावर्तक मात्र प्रत्येक गाडीला लावता येतो.