पावलांची लय आणि कानातले गाणे

धावण्याचा आणि गाण्याचा संबंध काय, असा प्रश्न विषयाचे नाव ऐकून पुष्कळांच्या मनात येईल. गाणे बसून ऐकायचे, धावायचे ते उठून. मग दोहोंची गाठ पडावी कोठे? परंतु डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर किंवा तलासरीकडच्या आतल्या रस्त्यांवर पहाटेच्या वेळी गेलात, तर कानात इयरफोन खोचून धावणारी तरुण मुलेमुली दिसतील. ती सगळीच हौसेने धावत नाहीत. कित्येकांची नजर पोलिस शिपायाच्या भरतीवर असते. तेथे पुरुष उमेदवाराला १६०० मीटर आणि स्त्री उमेदवाराला ८०० मीटर धावावे लागते. गेल्या काही वर्षांच्या नियमांप्रमाणे १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत पुरे केले, तर त्या धावेचे पूर्ण २० गुण मिळतात. त्यापुढे जसजसा उशीर होईल, तसतसे गुण उतरतात. घरात पहिला बांधलेला पगार येणार की नाही, हे अनेकदा या गुणांवर ठरते. तेव्हा विषय दिसतो तितका चैनीचा नाही.

प्रथम थोडे गणित करू. ५ मिनिटे १० सेकंद म्हणजे ३१० सेकंद. मैदानाची फेरी ४०० मीटरची धरली, तर चार फेऱ्या, आणि प्रत्येकीला साडेसत्याहत्तर सेकंद. आता नवखा मुलगा काय करतो? शिट्टी वाजली की इतरांच्या लोंढ्याबरोबर सुटतो आणि पहिली फेरी सत्तर सेकंदांत मारतो. कागदावर ७०, ७५, ८० आणि ८५ यांचीही बेरीज ३१०च भरते. परंतु शरीर कागदावरची बेरीज मानत नाही. पहिल्या फेरीत स्नायूंना लागेल तितका प्राणवायू रक्तातून पोचत नाही. ती तूट स्नायू दुसऱ्या, घाईच्या मार्गाने भरून काढतात, आणि त्याची वसुली तिसऱ्या फेरीत होते. पाय जड होतात, खांदे वर चढतात, आणि पंच्याऐंशीची ठरवलेली शेवटची फेरी नव्वदाच्याही पलीकडे जाते. धावणाऱ्याला शक्ती नव्हती असे नव्हे. त्याने ती आधी उधळली. वेग सांभाळणे ही या परीक्षेतील निम्मी विद्या आहे, आणि ती छातीपेक्षा कानाने लवकर शिकता येते.

ती कशी, हे समजण्यासाठी वेग दोन गोष्टींचा गुणाकार आहे, एवढे ध्यानात घ्यावे: मिनिटाला किती पावले पडतात, आणि एक पाऊल किती लांब पडते. ३१० सेकंदांत १६०० मीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ३१० मीटर. मिनिटाला १८५ पावले पडत असतील, तर एकेक पाऊल साधारण १ मीटर ६७ सेंटिमीटरांचे पडले पाहिजे. पावलाची लांबी धावता धावता मोजण्याचे साधन कोणाच्या डोळ्यांत नाही. पावलांची संख्या मात्र कानाने धरता येते. संगीताच्या लयीचे अ‍ॅप नेमके एवढेच काम करते. ते वेग सांभाळत नाही, पावलांची संख्या सांभाळते. हा भेद न कळल्यामुळे पुष्कळांची निराशा होते.

ठोक्याने काळ मोजण्याचे यंत्र नवे नाही. मेल्झेलने मेट्रोनोमचे पेटंट १८१५ साली घेतले. आज तेच यंत्र फोनमध्ये येऊन बसले आहे. साध्या अ‍ॅपमध्ये आकडा घातला की टक् टक् असा ठोका मिळतो. त्याहून हुशार अ‍ॅप फोनमधील हालचाल ओळखणाऱ्या यंत्रावरून तुमची पावले मोजते आणि त्या लयीचे गाणे निवडते, किंवा हाताशी असलेल्या गाण्याचीच लय बदलते. पूर्वी तबकडी जलद फिरवली की गायकाचा आवाज चिरका होई, कारण लय आणि स्वर एकाच दोरीने बांधलेले असत. आता आवाजाचे अगदी बारीक तुकडे करून ते जवळ किंवा दूर मांडले जातात. त्यामुळे स्वर तोच राहतो आणि लय तेवढी वाढते. स्पॉटिफाय कंपनीने २०१५ साली पावले ओळखून गाणी लावणारी अशी एक सोय काढली होती. २०१८ साली ती बंद झाली. इतर अ‍ॅपे आहेत, आणि खरे सांगायचे तर नुसता फुकटचा मेट्रोनोमही पुरतो.

यंत्राची एक खोड सांगून ठेवतो. मिनिटाला ९० मात्रांचे गाणे आणि १८० मात्रांचे गाणे यांत धावणाऱ्याला फरक पडत नाही. एकात मात्रेला दोन पावले, दुसऱ्यात एक. आपल्याकडे ठाय आणि दून यांचा जो संबंध, तोच हा. यंत्राला मात्र हे नेहमी उमगत नाही आणि ते आकडा अर्धा किंवा दुप्पट सांगते. म्हणून गाण्याबरोबर एकदा स्वतः टाळी वाजवून पाहावी. तालाविषयीही हेच. केरव्याच्या आठ मात्रा पायांना सोयीच्या. सम दर वेळी त्याच पावलावर येते. रूपक सात मात्रांचा. त्यात सम एकदा डाव्यावर, एकदा उजव्यावर पडते. कोणाला ते आवडेलही, पण नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पाय ठोक्यामागे जातात हे तर खरेच. जात्यावर ओवी गाणाऱ्या बायकांना ते ठाऊक होते, आणि कवायतीत मिनिटाला १२० पावलांची चाल ढोलावर बसवणाऱ्या शिक्षकांनाही. १९९८ साली इथिओपियाच्या हैले गेब्रसेलासीने बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानावर २००० मीटरचा विश्वविक्रम केला, तेव्हा ‘स्कॅटमन’ हे त्याच्या आवडीचे गाणे ध्वनिक्षेपकावर लावले होते. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात कोस्टास कारागेओर्गिस यांनी या विषयाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. मध्यम श्रमापर्यंत संगीताने थकव्याची जाणीव कमी होते. श्रम फार वाढले की शरीराची ओरड गाण्यापेक्षा मोठी होते, असे त्यातून दिसते. म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरांत गाणे आपल्याला ओढून नेईल, या भरवशावर राहू नये.

पण इतके दूर जाण्याचे कारण नाही. डहाणू आणि तलासरी हा वारल्यांचा मुलूख. भाताची कापणी झाली की येथे तारपा वाजू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाचे पान आणि मेण यांचे हे वाद्य. वाजवणारा त्यात अखंड फुंकर घालतो आणि नाचणारे स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती फिरतात. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी भातपिठाच्या पांढऱ्या रंगात हा वेढा काढला आणि तो जगभर गेला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या चित्रात पाहण्यासारखी गोष्ट अशी की वाजवणारा बाहेर खुर्चीवर बसलेला नाही. तो नाचणाऱ्यांच्या मध्ये आहे आणि स्वतः चालतो आहे. सूर बदलला की पावले बदलतात. पण पावले जड झाली तर तेही त्याच्या समोरच घडत असते. लय दोन्हीकडून सांभाळली जाते. साध्या अ‍ॅपमध्ये हे नाही. ते १८५ म्हणाले की १८५. तुमचा श्वास लागला, ऊन चढले, वाळू भुसभुशीत झाली, याचे त्याला सोयरसुतक नाही.

म्हणून तारप्यावाल्याची नजर धावणाऱ्याने स्वतःच आणली पाहिजे. बोर्डीच्या किनाऱ्याला ओहोटीत पाणी फार दूर जाते आणि ओली घट्ट वाळू उघडी पडते. धावायचे ते तिच्यावर. कोरड्या वाळूत पाय रुततो, पाऊल आखूड पडते, आणि ठोका सांभाळूनही वेग उतरतो. तो उतरू द्यावा. चढावरही तसेच: संख्या तीच ठेवावी, पाऊल लहान करावे. एप्रिल-मे महिन्यांत समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंग तापते आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. तेव्हा आकडाच खाली आणावा. तलासरीहून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर तर कानात काही घालून धावूच नये. मागून येणारा ट्रक केरव्यात येत नाही.

आता कृती. पहिल्या दिवशी गाणे न लावता सहज वेगाने धावावे आणि अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजून चारने गुणावे. आकडा १६० आला, तर एकदम १८५ वर उडी मारू नये. पाच टक्के वाढवून १६८ घ्यावा आणि दोन-तीन आठवडे तेथेच राहावे. पिंडऱ्या दुखू लागल्या तर मागे यावे. उंच माणसाचा आकडा बुटक्याहून बहुधा कमी असतो, तेव्हा शेजाऱ्याचा आकडा उसना घेण्यात अर्थ नाही. मैदानावर मात्र आकड्याबरोबर घड्याळही हवे: दर फेरीला साडेसत्याहत्तर सेकंद येतात की नाहीत, हे मित्राने ओरडून सांगावे, पाऊल किती लांब पडते, त्याचा पत्ता त्यावरूनच लागतो.

आणि एक अडचण उरते, तीच सर्वांत मोठी. भरतीच्या मैदानात फोन कानाला लावता येत नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्सच्या नियमांतही स्पर्धकाला असे साधन जवळ बाळगण्यास मनाई आहे. म्हणजे ज्याच्या आधारावर तयारी केली, तेच परीक्षेच्या दिवशी दाराबाहेर राहते. कमान बांधताना खालून लाकडी आधार देतात आणि चुना धरला की तो काढून घेतात; अ‍ॅपचा उपयोग तितकाच करावा. परीक्षेच्या दीड-दोन महिने आधीपासून आवाज काढून घेण्यास आरंभ करावा. पहिले काही दिवस तीन फेऱ्या ठोक्यावर आणि चौथी मुकाट्याने. मग दोन ठोक्यावर, दोन मुकाट्याने. मुक्या फेरीच्या शेवटी ठोका पुन्हा लावून पाहावा: पाय त्याच्या पुढे गेले आहेत की मागे पडले आहेत, ते तेथल्या तेथे कळते. प्रारंभी बहुतेकांचे पाय पहिल्या मुक्या फेरीत पुढे धावतात आणि शेवटच्या फेरीत मागे राहतात. अखेरच्या पंधरवड्यात फक्त धावण्यापूर्वी एक मिनिट ठोका ऐकावा, फोन मित्राच्या हाती द्यावा, आणि दहा-बारा जणांच्या गर्दीत चारही फेऱ्या काढाव्यात. कारण त्या दिवशी कानावर जो ठोका पडणार, तो शेजारच्या पावलांचा असणार, आणि तो बहुतेक वेळा आपल्याहून जलद असतो.