पेट्रोलच्या मोटारीला विजेचे यंत्र : कायदा काय पाहतो?

समजा, एका निवृत्त शिक्षकांच्या दारात जुनी पेट्रोलची मोटार उभी आहे. अंग धड आहे, पण इंजिन थकले आहे. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, "गुरुजी, इंजिन काढून विजेची मोटर बसवू, बॅटऱ्या डिकीत ठेवू. पेट्रोलची कटकटच मिटली!" त्याच्या हातात कसब आहे, यात शंका नाही. तरीही गुरुजींनी होकार देण्यापूर्वी दोन घटका थांबावे. कारण या कामी कायदा कसबावर विसंबत नाही, तो कागद मागतो.

आर. सी. बुक हा मोटारीचा सातबारा समजा. उताऱ्यावर एक पीक आणि शेतात दुसरेच, असे चालत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ हेच सांगते. निर्मात्याने मूळ दिलेल्या तपशिलाशी नोंदणी विसंगत ठरेल, असा फेरफार मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा अर्थ असाच कडक लावला.

मग वाटच बंद झाली का? तसे नाही. २००० साली या कलमात एक परंतुक आले. किट बसवून वाहन दुसऱ्या इंधनावर वा शक्तीवर चालविण्यास त्याने विहित अटींवर मुभा दिली. त्यात गॅसच्या जोडीला 'बॅटरी' हा शब्द स्पष्ट आहे. विजेच्या मोटारी रस्त्यावर सर्रास दिसू लागण्याच्या कितीतरी आधी तो तेथे येऊन बसला होता!

पुष्कळांची फसगत होते ती यापुढे. किट आधी सरकारमान्य चाचणी संस्थेकडून तपासून मान्य व्हावे लागते. पुण्याची 'एआरएआय' ही अशीच एक संस्था. चाचणीचे मानक आहे 'एआयएस-१२३', भाग तिसरा. एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. साध्या ब्रेकचेच पाहा. पेट्रोलच्या बहुतेक मोटारींत पायाच्या दाबाला जोर मिळतो तो चालू इंजिनच्या निर्वातातून. इंजिन काढले की तो जोर गेला. त्यासाठी वेगळा पंप हवा. शिवाय डिकीत बॅटऱ्यांचे ओझे आले की पुढच्या-मागच्या चाकांवरील भार बदलतो. उच्च दाबाच्या तारांची गोष्ट तर निराळीच.

ही मान्यता ठराविक जातीच्या मोटारींपुरतीच असते. म्हणून गुरुजींनी "किट मान्य आहे का?" एवढेच न विचारता, "माझ्या मॉडेलसाठी मान्य आहे का?" असे विचारावे आणि प्रमाणपत्र डोळ्यांनी पाहावे. नसेल, तर किट कितीही उत्तम असो, तूर्त विषय संपला.

असेल, तर आर.टी.ओ.ची परवानगी घ्यावी, किटवाल्याने अधिकृत केलेल्या ठिकाणीच काम करून घ्यावे आणि तपासणीनंतर आर. सी. बुकात इंधनाची नोंद बदलून घ्यावी. विजेच्या खाजगी मोटारीला २०१८ पासून हिरवी पाटी, पांढरी अक्षरे. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवावा. पॉलिसीत पेट्रोल आणि बॉनेटखाली वीज असली, तर अपघाताच्या दिवशी वाद उभा राहतो.

हे सारे टाळले तर? २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आणि या उपकलमात नाव मेकॅनिकचे नाही, मालकाचे आहे.