विक्रांत, पलंगाखाली! (स्केल १:३५०)

हिंगण्यापासून समुद्र किती लांब आहे ते सांगायला नकोच. तरीपण आपल्या हॉस्टेलमध्ये सध्या एक विमानवाहू युद्धनौका बांधली जात आहे. नाव आय.एन.एस. विक्रांत, लांबी ६१ सेंटीमीटर, मुक्काम माझ्या पलंगाखाली! रूमवर येणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो : "किट कुठून आणलं बे?" आणि "पाण्यात चालेल का?" म्हटलं, एकदा लिहूनच टाकू. (मराठी कॉन्व्हेंटचं आहे, सांभाळून घ्या.)

किट आणलेलं नाही. जपानच्या 'यामातो' या युद्धनौकेची किट्स जगभर मिळतात. ती १९४५ मध्ये बुडाली, पण ज्या कुरे शहरात ती बांधली गेली तिथल्या संग्रहालयात २००५ पासून तिचं १:१० मॉडेल ठेवलेलं आहे, तब्बल २६.३ मीटर लांब! आपली जुनी विक्रांत बुडाली नाही, आपण ती तोडली. ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली, मग २०१२ पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिची तोडफोड सुरू झाली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या 'व्ही' मोटरसायकलमध्ये गेलं. थोडक्यात, आज कुणी टेप घेऊन तिच्यावर चढू शकत नाही. २०२२ ला नौदलात आलेली नवी विक्रांत पूर्ण वेगळी आहे, २६२ मीटरची, म्हणजे जवळपास यामातोएवढी. म्हणून जुनीचं मॉडेल करायचं तर ते खरं असायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिला प्रश्न : कोणत्या साली?

जहाज एकच, पण रूपं दोन. ४ मार्च १९६१ ला बेलफास्टला ती आपल्या नौदलात आली तेव्हा डेकचं पुढचं टोक सपाट होतं. विमान फेकायला वाफेवर चालणारं कॅटापुल्ट होतं. १९७१ च्या युद्धात याच सपाट डेकवरून सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले. पुढे सी हॅरियर आली, तिला धावायला चढ लागतो. म्हणून १९८० च्या दशकाच्या शेवटी टोकाला उतरंडीसारखा वर गेलेला 'स्की जंप' बसवला. आता चढावाच्या डेकवर सी हॉक ठेवलं तर दिसेल मस्त, पण असं जहाज कधी अस्तित्वातच नव्हतं! मी १९७१ साल ठरवलं आहे.

दुसरा प्रश्न : स्केल किती?

खरी लांबी सुमारे २१३ मीटर. १:१०० घेतलं तर मॉडेल दोन मीटरच्या वर जातं, मग झोपायचं कुठे? १:७०० ला ते फूटपट्टीएवढं होतं आणि विमानं मुंगळ्यांएवढी. १:३५० ला सी हॉक साडेतीन सेंटीमीटरचं येतं आणि माणूस ५ मिलिमीटरचा. काही गोष्टी मात्र स्केलला बसतच नाहीत. रेलिंगचा पाईप २५ मिलिमीटरचा धरला तर मॉडेलवर तो ०.०७ मिलिमीटर, म्हणजे आपल्या झेरॉक्सच्या कागदापेक्षा पातळ. तिथे जुन्या इअरफोनच्या वायरमधली बारीक तार लावायची आणि थोडी जाड दिसली तर दिसू द्यायची.

हल, म्हणजे जहाजाचं पोट, करायची रीत सिव्हिलवाल्यांना लगेच कळेल. टेकडीच्या कंटूर रेषा असतात तसेच जहाजाचे आडवे छेद काढायचे. ५ मिलिमीटरच्या सनबोर्डमधून एकेक छेद कापायचा, एकावर एक चिकटवायचा, पायऱ्या पॉलिश पेपरने घासायच्या आणि फटींत पुट्टी भरायची. गंमत म्हणजे असा एक थर म्हणजे खऱ्या जहाजाची पावणेदोन मीटर उंची, एक माणूस!

तिसरा प्रश्न : चालेल का?

इथे खरं इंजिनिअरिंग सुरू होतं. लांबी ३५० ने कमी झाली की वजन ३५० च्या घनाने कमी होतं. पूर्ण भरलेली विक्रांत सुमारे १९,५०० टन. भागाकार करा, उत्तर येतं साधारण ४५५ ग्रॅम. रंग, विमानं, मोटर, बॅटरी धरून मॉडेलचं वजन बरोबर एवढं पाहिजे, तरच ते २.१ सेंटीमीटर बुडेल आणि पाण्याची रेषा बरोबर जागी येईल. कमी पडलं तर वर्कशॉपच्या भंगारातले नट घालायचे, पण अगदी तळाशी. वर घातले तर जहाज कलंडणार.

वेगाचं गणित अजून वेगळं. विक्रांतचा वेग सुमारे २५ नॉट, म्हणजे सेकंदाला जवळपास १३ मीटर. त्याला सरळ ३५० ने भागलं तर मॉडेल सेकंदाला चार सेंटीमीटरसुद्धा जाणार नाही आणि लाटा उठणारच नाहीत. लाटा गुरुत्वाकर्षणावर चालतात आणि g काही आपल्या मॉडेलसाठी लहान होत नाही. म्हणून ३५० च्या वर्गमुळाने, १८.७ ने, भागायचं. उत्तर सेकंदाला ०.७ मीटर, मेसमधून जेवून परतताना आपण चालतो तेवढा वेग. हा नियम विल्यम फ्राउडचा. त्याने १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये टाकी बांधून त्यात मॉडेलं ओढली. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात ज्याला आपण दोन मार्कांपुरतं पाठ करतो तोच हा फ्राउड नंबर! विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेतही आधी मॉडेल असंच टाकीत ओढून बघतात.

आणि अंबाझरीत सोडायचं म्हणता? तिथली पाच सेंटीमीटरची लाट माझ्या विक्रांतसाठी साडेसतरा मीटरची आहे. वारा पडलेली सकाळ बघूनच जावं लागेल.

एन.सी.सी.च्या नौसैनिक शिबिरात शिप मॉडेलिंगची रीतसर स्पर्धा असते, तेव्हा हा निव्वळ टाईमपास आहे असं वॉर्डन सरांनी समजू नये. सध्या काम अडलंय ते डेकवरच्या बारीक गोष्टींवर : बोटी कुठे टांगल्या होत्या, क्रेन कशी होती. कुणाचे आजोबा, काका नौदलात असतील, किंवा घरी अल्बममध्ये १९७१ च्या आसपासचा विक्रांतवरचा फोटो असेल, तर दिवाळीहून येताना नक्की घेऊन या. मागे उभं राहून हसणाऱ्या माणसांच्याही मागे काय दिसतंय, ते मला बघायचं आहे.