कमरेमागचा इंचभर फुगवटा

जुन्या पिकअपमध्ये ड्रायव्हरच्या पाठीमागे गुंडाळलेला टॉवेल किंवा घडी घातलेलं पोतं खोचलेलं दिसलं, की समजावं, सीट आतून बसली आहे. इंजिन ठणठणीत असेल, गिअर लोण्यासारखे पडत असतील, वरचं रेक्झिनही शाबूत असेल. पण पाठीच्या खालच्या भागात कंपनीने दिलेला तो हलकासा फुगवटा विरून गेलेला असतो. नवा असताना तो कोणाच्या लक्षातही येत नाही. गेल्यावर कंबर त्याची आठवण काढते.

हा फुगवटा जेमतेम इंचाचा. पण त्याच्यासाठी माणसांनी काय काय केलंय, ते वाचताना मी थक्क झालो.

उभं राहिल्यावर आपला कणा कमरेपाशी आत वळलेला असतो. तिथले पाच मणके सगळ्या कण्यात सर्वांत जाडजूड, कारण वरचा सगळा भार त्यांच्यावर. आपण बसलो की मांडीमागचे स्नायू कटीच्या हाडाला मागे ओढतात, ते हाड कलंडतं आणि आतली कमान सपाट होऊ लागते. अमेरिकेतल्या ओमाहा शहरातले शल्यविशारद जे. जे. कीगन यांनी १९५३ मध्ये हे एक्स-रे काढून दाखवलं. माणसांना कुशीवर निजवायचं, मांड्या वेगवेगळ्या कोनांत वाकवायच्या आणि कणा कसा वळतो ते पाहायचं. मांडी आणि धड यांच्यात सुमारे १३५ अंशांचा कोन असताना कणा सर्वांत निवांत, आणि काटकोनात बसलं की कमरेची कमान उतरलेली. गाडीत तर पाय पुढे पेडलकडे लांबवलेले, म्हणजे मांडीमागचे स्नायू आणखी ताणलेले. ड्रायव्हरची जागा ही कमरेच्या दृष्टीने मुळातच गैरसोयीची आहे.

पुढची गोष्ट स्वीडनमधली. १९७४ च्या सुमारास गोथेनबर्गमध्ये गुन्नार अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना मोटारीच्या सीटवर बसवलं आणि त्यांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. जिवंत माणसाच्या कण्यात सुई, आणि वर त्याला म्हणायचं, आता क्लच दाबा! पाठ मागे कलवली की दाब उतरायचा, कमरेमागे आधार दिला की आणखी उतरायचा, आणि क्लच दाबला की चढायचा. घाटातल्या ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकलेल्या ड्रायव्हरला हे कोणी सांगायला नको.

मात्र इथे विज्ञान थांबलं नाही. १९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथे एकाच स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून मोजणी झाली, तेव्हा ऐसपैस बसलेल्या माणसाचा दाब उभ्या माणसापेक्षा किंचित कमीच निघाला. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९० च्या दशकात आणखी गंमत दाखवली. सीटच्या पाठीतला फुगवटा २५ मिलिमीटरपर्यंत वाढवला तरी ड्रायव्हर आपली कंबर फारशी आत वळवत नाहीत. ते आपले सपाट पाठीनेच बसतात. म्हणजे कमरेला धनुष्यासारखं वाकवणं हे त्या फुगवट्याचं काम नाही. कटी आणि बरगड्या यांच्यामध्ये जी पोकळी राहते ती भरून काढायची, म्हणजे पाठीचा भार एकाच जागी न पडता सगळीकडे वाटला जातो. मला हे उत्तर जास्त पटतं, कारण दुरुस्तीच्या वेळी तेच उपयोगी पडतं.

आता सीट उघडू या. बाहेरून गादी दिसते, पण आत एक अख्खं यंत्र असतं. पत्र्याची किंवा नळीची चौकट, तिच्यात ताणून बसवलेल्या नागमोडी तारेच्या स्प्रिंगा, त्यांच्यावर तरट, नमदा किंवा जाड कापड, त्यावर फोम आणि सर्वांत वर कव्हर. कव्हरच्या आतल्या बाजूने शिवलेल्या तारा लहान लोखंडी कड्यांनी फोममधल्या तारांना अडकवलेल्या असतात. सीटवर खोलगट रेघा दिसतात त्या त्यांच्यामुळे. काही गाड्यांत फुगवटा म्हणजे नुसता फोमचा आकार. काहींत बाजूला मूठ किंवा दांडा असतो: तो फिरवला की नळीतून जाणारी तार खेचली जाते आणि पाठीतली प्लॅस्टिकची लवचीक जाळी पुढे वाकते. सायकलच्या ब्रेकची तार असते तीच ही तार. तिचं पेटंट अर्नेस्ट बाउडन यांनी १८९६ मध्ये घेतलं. तिसऱ्या प्रकारात हवेची पिशवी असते, हाताने दाबायच्या रबरी फुग्याने किंवा छोट्या विजेच्या पंपाने भरली जाणारी. अमेरिकेतल्या जुन्या पिकअपमध्ये हे प्रकार बरेच सापडतात. आपल्याकडच्या मालवाहू पिकअपमध्ये बहुतेक वेळा नुसता फोमच.

हा फोमही साधा नाही. जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. फोम करताना त्या मिश्रणात थोडं पाणी असतं; त्याची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सगळं फुगतं. ढोकळा फुलवणारा वायू तोच. गाडीच्या सीटचा फोम घनमीटरला पन्नासेक किलो भरतो, आणि तोच पदार्थ भरीव असता तर अकराशे-बाराशे किलो भरला असता. म्हणजे ज्याच्यावर आपण दिवसभर बसतो त्यातला सुमारे ९५ टक्के भाग हवा आहे! उरलेल्या पाच टक्क्यांच्या बारीक काड्या दर धक्क्याला वाकतात आणि परत सरळ होतात. फोमच्या आधी घोड्याचे केस आणि काथ्या यांचे दिवस होते. फोक्सवॅगनच्या बीटलच्या सीटमध्ये रबरात घोळलेला नारळाचा काथ्या असायचा, आणि आपल्याकडच्या जुन्या गाड्यांच्या सीटांतूनही तो बाहेर डोकावलेला अनेकांनी पाहिला असेल.

फोमच्या त्या बारीक काड्या एक दिवस परत सरळ व्हायचं सोडून देतात. फोमची परीक्षा घ्यायची एक प्रमाणित पद्धत आहे: तुकडा दाबून ७० अंश सेल्सिअसला २२ तास ठेवायचा, मग सोडून किती उंची परत येत नाही ते मोजायचं. विदर्भातल्या मे महिन्यात काचा बंद करून उभ्या असलेल्या गाडीची काळी सीट या परीक्षेपासून फार लांब नसते. त्यात घाम आणि पावसाळी दमट हवा. शिवाय बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला चार ते सहा हेलकाव्यांना सर्वांत जास्त दाद देतं, आणि खडबडीत रस्त्यावर रिकामी पिकअप, मागचे ताठ पाटे घेऊन, नेमके असे हेलकावे भरपूर देते. फोम आणि स्प्रिंगा ते गिळत असतात. गिळून गिळून थकतात.

यातली सर्वांत चकवणारी गोष्ट अशी, की पुष्कळदा फुगवटा बसलेलाच नसतो. बसलेली असते खालची गादी. आधाराचा उंचवटा दबलेल्या गादीपासून वीतभर वर असावा लागतो, म्हणजे तो कमरेच्या खोलगट भागात येतो. गादी दीड इंच खचली की माणूस दीड इंच खाली जातो, आणि तोच उंचवटा आता बरगड्यांच्या खालच्या कडेला टोचतो. कमरेमागे पोकळी, वर ढोसणी. ड्रायव्हर म्हणतो, आधार गेला. आधार जागेवरच असतो, कंबर खाली गेलेली असते. म्हणून पाठ उसवायच्या आधी बसायच्या गादीला हात घालावा, हे माझं ठाम मत. तुलनेला शेजारची सीट आहेच, तिच्यावर कमी माणसं बसलेली असतात. दोन्ही गाद्यांवर सरळ पट्टी आडवी ठेवून मोजलं की खरं खोटं कळतं. चढता-उतरता घासून दाराकडची कड आधी खचते. आपल्याकडे उजवी, अमेरिकेत डावी.

सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल तर बॅटरी सोडवल्याशिवाय काही उघडू नये, आणि ते काम जाणत्याकडेच द्यावं. जुन्या मालवाहू गाडीत सहसा ती भानगड नसते. चार बोल्ट पान्याने सोडवले की सीट बाहेर येते. पाठीच्या खालच्या कडेला कव्हर प्लॅस्टिकच्या खाचेत अडकवलेलं असतं. ते सोडवून मोज्यासारखं वर गुंडाळायचं आणि कड्या पक्कडीने तोडायच्या. मग फोम उलटा करून त्याची मागची बाजू पाहायची, खरी कहाणी तिथे लिहिलेली असते. तारेचे खोल चर पडले असतील तर मधलं तरट फाटलंय आणि स्प्रिंगा फोम कापत बसल्यात. नुसता नवा फोम कोंबला तर त्याचीही तीच गत होणार. आधी सुटलेल्या स्प्रिंगा परत आकड्यात अडकवायच्या, गंजून तुटलेली तार बदलायची, नवं तरट किंवा कॅनव्हास दाभणाने सुतळी ओवून चौकटीला शिवायचं. मूठ असलेल्या सीटमध्ये तार खाचेतून निसटलेली किंवा प्लॅस्टिकची जाळी चिरलेली सापडते. मुठीऐवजी विजेची मोटर असलेल्या सीटमध्ये ती गुरगुरते आणि पाठीत काही हलत नाही, तेव्हा तार तुटलेली असते किंवा दाते झिजलेले असतात. हवेच्या पिशवीला साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे गळतीची जागा दाखवतात, आणि ती बहुधा नळीच्या जोडावर असते.

फोमचा नवा तुकडा जुन्याच्या मागे लावावा, पुढे नव्हे. वरचा आकार कंपनीचाच राहतो. टणक, दाट फोम घ्यावा, साधारण इंचभर जाडीचा, आणि त्याच्या कडा चारही बाजूंनी उतरत्या कापाव्यात. उभी कड ठेवली तर पाठीला ती पायरी अचूक लागते. चिकटवायचं सोल्युशन पातळ लावावं, थोडं सुकू द्यावं. जाड थर वाळून टणक होतो आणि नव्या सीटमध्ये कडक पापुद्रा बसतो. इथे हात सैल सोडायचा मोह होतो, दोन इंच लावू या, चांगला आधार मिळेल. तसं केलं तर कंबर पुढे ढकलली जाते, खांदे सीट सोडतात आणि वीस मिनिटांनी माणूस घसरून पुन्हा पोक काढून बसतो. कव्हर पक्कं करण्याआधी तसंच बसून पाहावं, आणि पाच मिनिटं नव्हे, गाणी ऐकत निवांत. पहिल्या मिनिटाला प्रत्येक सीट बरीच वाटते.

कव्हर परत चढवताना ते आखूड पडल्यासारखं वाटतं, कारण आतला आकार पुन्हा भरलेला असतो. वाफ दिली की कापड सैल होतं. रेक्झिन थोडं उन्हात तापवलं की पुरतं. आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी तिन्ही आरसे लावून घ्यावेत. गादी आणि पाठ दोन्ही भरल्यावर डोळे आधीपेक्षा इंच-दीड इंच वर आलेले असतात, आणि जुन्या आरशात मागच्या रस्त्याऐवजी नुसता डांबराचा पट्टा दिसतो.