विश्लेषण : इस्तंबूलची सहल आखताना स्थळांच्या यादीआधी वार का पाहावेत?

युरोप आणि आशिया अशा दोन खंडांत वसलेले, सुमारे दीड कोटी लोकसंख्येचे इस्तंबूल मुंबईहून थेट विमानाने सात-आठ तासांवर आहे. रोमन, बायझंटाइन आणि ऑटोमन अशा तीन साम्राज्यांच्या खुणा इथे एकाच शहरात पाहता येतात. मात्र मुक्काम बहुधा चार-पाच दिवसांचाच असतो आणि नियोजन चुकले तर त्यातला एखादा दिवस सहज वाया जातो. कोणते स्थळ कोणत्या वारी बंद असते, ते पाण्याच्या कोणत्या बाजूला आहे आणि तिथे प्रवेशाचे नियम काय आहेत, हे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच पाहिलेले बरे.

शहराचा भूगोल कसा आहे?

बोस्फोरस सामुद्रधुनी शहराचे युरोपीय आणि आशियाई असे दोन भाग करते. युरोपीय भागात गोल्डन हॉर्न ही खाडी शिरली असून तिच्यामुळे त्या भागाचेही दोन तुकडे झाले आहेत. खाडीच्या दक्षिणेला जुने शहर आहे. आया सोफिया, निळी मशीद, टोपकापी राजवाडा आणि ग्रँड बझार हे सारे तिथेच. या ऐतिहासिक भागाला १९८५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. खाडीच्या उत्तरेला गलाता मनोरा, इस्तिक्लाल रस्ता आणि डोल्माबाहचे राजवाडा आहे. काडिकोय आणि उस्कुदार हे भाग आशियाई किनाऱ्यावर येतात. एका दिवशी पाण्याच्या एकाच बाजूची स्थळे घेतली, तर वेळ आणि पायपीट दोन्ही वाचतात.

कोणत्या वारी काय बंद असते?

टोपकापी राजवाडा मंगळवारी, डोल्माबाहचे सोमवारी आणि ग्रँड बझार रविवारी बंद असतो. ईदच्या सुट्टीतही ग्रँड बझार उघडत नाही. मशिदी रोज उघड्या असल्या तरी पाच नमाजांच्या वेळी पर्यटकांना बाहेर थांबावे लागते. शुक्रवारी दुपारच्या सामूहिक नमाजामुळे हा खंड मोठा असतो. म्हणून शुक्रवारची दुपार मशिदींसाठी ठेवू नये.

आया सोफियाचे नियम का बदलले?

सम्राट जस्टिनियनने इसवी सन ५३२ ते ५३७ या काळात हे चर्च उभारले. १४५३ मध्ये सुलतान दुसऱ्या मेहमदने शहर जिंकल्यावर त्याची मशीद झाली. तुर्की प्रजासत्ताकाने १९३४ मध्ये तिचे संग्रहालय करण्याचा निर्णय घेतला. जुलै २०२० मध्ये तो निर्णय न्यायालयाने रद्द ठरवला आणि तिथे पुन्हा नमाज सुरू झाला. जानेवारी २०२४ पासून परदेशी पर्यटकांना स्वतंत्र प्रवेशद्वाराने फक्त वरच्या सज्जात जाता येते आणि त्यासाठी २५ युरोचे तिकीट ठेवण्यात आले. तळमजला नमाज पढणाऱ्यांसाठी राखीव आहे. काही प्रसिद्ध मोझेक चित्रे वरच्या सज्जातच आहेत, त्यामुळे ती नीट पाहता येतात. मात्र २०२५ मध्ये घुमटाच्या दुरुस्तीचे मोठे काम सुरू झाले असून आत परांची उभारण्यात आली आहे. छायाचित्रांत दिसते तसे मोकळे दृश्य मिळेलच, असे नाही. समोरच्या निळ्या मशिदीत प्रवेश विनामूल्य आहे. दोन्ही ठिकाणी खांदे व गुडघे झाकणारे कपडे आणि स्त्रियांनी डोक्यावर रुमाल घेणे आवश्यक असते.

चार दिवस कसे बसवावेत?

शनिवार ते मंगळवार हे वेळापत्रक सोयीचे ठरते. शनिवारी ग्रँड बझार आणि सिनान या वास्तुविशारदाची १५५७ मध्ये पूर्ण झालेली सुलेमानिये मशीद. ग्रँड बझारपासून ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रविवारी टोपकापी आणि त्याच्या बाहेरच्या अंगणाला लागून असलेले पुरातत्त्व संग्रहालय. सोमवारी आया सोफिया, निळी मशीद आणि जमिनीखालचे, ३३६ खांबांचे बॅसिलिका जलकुंड. मंगळवारी डोल्माबाहचे आणि गलाता, त्यानंतर संध्याकाळी फेरीबोटीने काडिकोय. अशा रीतीने एकही बंद दार आड येत नाही. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने हवामानासाठी चांगले. हिवाळ्यात थंडी आणि पाऊस असतो.

व्हिसा कोणाला सहज मिळतो?

अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा निवास परवाना असलेल्या भारतीयांना तुर्कीचा ई-व्हिसा मिळू शकतो. तो एकाच प्रवेशासाठी आणि ३० दिवसांपर्यंतच्या मुक्कामासाठी असतो. इथे एक अट अनेकांच्या लक्षात येत नाही. आधारासाठी दाखवायचा तो व्हिसाही इलेक्ट्रॉनिक असून चालत नाही. ज्यांच्याकडे असा व्हिसा नाही त्यांना व्हिसा केंद्रामार्फत रीतसर अर्ज करावा लागतो आणि त्यात वेळ जातो. त्यामुळे व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे हॉटेल आरक्षण करू नये. ई-व्हिसासाठी सरकारी संकेतस्थळच वापरावे. त्याच्यासारखी दिसणारी खासगी संकेतस्थळे जादा पैसे घेतात.

बहिष्काराच्या वादाचा परिणाम काय?

२०२४ मध्ये तीन लाखांहून अधिक भारतीय तुर्कीला गेले होते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी तुर्कीने पाकिस्तानची बाजू घेतली आणि भारतात पर्यटन बहिष्काराची हाक दिली गेली. पुण्यातील व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली, तर विमानतळांवर सेवा देणाऱ्या सेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा मंजुरी केंद्र सरकारने रद्द केली. जायचे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा आहे. मात्र दोन देशांतले संबंध बिघडले की त्याची झळ विमानसेवा आणि सहल कंपन्यांच्या वेळापत्रकाला बसते. म्हणून तिकीट व हॉटेल रद्द करण्याच्या अटी वाचून घ्याव्यात, प्रवास विमा घ्यावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना पाहाव्यात.

खर्चाचा अंदाज का चुकतो?

तुर्कीतील अधिकृत महागाई दर ऑक्टोबर २०२२ मध्ये ८५ टक्क्यांवर गेला होता. त्यानंतर तो उतरला, तरी लिराची घसरण थांबली नाही. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या प्रवासवर्णनातले लिरातले दर आज निरुपयोगी आहेत. मोठ्या स्थळांची तिकिटे आता बहुधा युरोत ठरतात. म्हणून अंदाजपत्रक युरोत मांडावे आणि लिरा लागतील तसे थोडे थोडे बदलून घ्यावेत. संग्रहालयांचा एकत्रित पास मिळतो, पण आया सोफिया आणि बॅसिलिका जलकुंड त्यात येत नाहीत. आपल्या यादीतली स्थळे त्यात किती आहेत, हे मोजूनच तो घ्यावा.

फिरावे कसे, खावे काय?

मुख्य विमानतळ युरोपीय बाजूला, तर सबिहा गोकचेन आशियाई बाजूला आहे. हॉटेल कुठे घ्यायचे हे ठरवताना आपले विमान कुठे उतरते ते पाहावे. दोन्ही विमानतळांपर्यंत मेट्रो आहे. ‘इस्तंबूलकार्ट’ हे एकच कार्ड मेट्रो, ट्राम, बस आणि फेरीबोटीला चालते. सामुद्रधुनी पाहण्यासाठी महागड्या क्रूझची गरज नाही. एमिनोनु ते काडिकोय ही स्थानिकांची नेहमीची फेरीबोट जवळपास वीस मिनिटांत तेच दृश्य दाखवते.

शाकाहारींनी ‘झेतिनयाली’ म्हणजे ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, पालक किंवा बटाटा भरलेले गोझलेमे आणि तीळ लावलेले सिमित ही नावे लक्षात ठेवावीत. मसूर सूपमध्ये कधी कधी मांसाचे पाणी असते, म्हणून ‘एतसिझ’, म्हणजे मांसाविना, आहे का हे विचारावे. बिल मागताना मात्र अडचण येणार नाही. तिथे त्याला ‘हेसाप’ म्हणतात. हा आपला ‘हिशेब’च, दोन्ही शब्द मूळ अरबीतून आले आहेत. हेसाप हातात पडल्यावर तो एकदा तपासावा. न मागवलेली खाद्यपदार्थांची ताटली त्यात जोडली गेली असेल, तर तिथल्या तिथे विचारावे.